कपाटातला बल्ब

माझ्या घराच्या पॅसेजमध्ये भिंतीत बसवलेलं एक कपाट आहे आणि त्या कपाटात पावसाळाभर एक बल्ब जळत असतो. दिवसा जळतो, रात्री जळतो. तो कुणी बंद करायचा नाही असा या घराचा नियम आहे, आणि नियम मी केलेला आहे. ज्यांना तो पटत नसेल त्यांनी आपापल्या घरची कपाटं खुशाल अंधारात ठेवावीत, माझी ना नाही.

सुरुवातीलाच हे सांगून टाकते, कारण या एका बल्बावरून मला माझ्याच घरातून उचलून पुण्याला न्यायचं ठरलं होतं. मी गेले नाही. कशी गेले नाही, तेवढंच सांगायचं आहे.

लोणावळ्याजवळच्या आमच्या वलवणला एक पावसाळा काढलेल्या माणसाला कपाटातल्या बल्बाचं कारण विचारावं लागत नाही. खिडकी उघडली की ढग आत, बंद ठेवली की ओल आत. मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, काडेपेटी घासून घासून गुळगुळीत होते पण काडी पेटत नाही, आणि कोपऱ्यात विसरलेल्या चपलेला आठवड्याभरात पांढरी दाढी येते. कपड्यांचं तर बोलायलाच नको. म्हणून आमच्या बाजूच्या जुन्या घरांतून कपाटाच्या तळाला एक साधा, तारेचा, साठचा बल्ब असायचाच. त्याच्या उजेडाशी कुणाला काही कर्तव्य नसतं, कपाटाचं दार तर बंदच असतं. त्याची ऊब हवी असते.

आमच्या कपाटातला बल्ब आमच्या ह्यांनी बसवला. हे वडिवळ्याचे, भातशेतीच्या घरातले. तिकडे सासूबाई पावसाळ्यात गोधड्या चुलीच्या वर टांगलेल्या बांबूवर टाकायच्या. धुराचा वास लागायचा, पण बुरशी लागायची नाही. इथे घर बांधलं तेव्हा चूल नव्हती, गॅस होता. मग ह्यांनी धान्य चाळायच्या एका मोडक्या चाळणीची जाळी कापून तिचा पिंजरा केला, त्यात होल्डर बसवला आणि तो कपाटाच्या तळाशी ठोकला. कापड बल्बाला टेकू नये म्हणून पिंजरा. त्या कपाटात सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आहेत, माझ्या लग्नातला शालू आहे, ह्यांचा गरम कोट आहे, फोटोंचे अल्बम आहेत आणि पापड-कुरडयांचे डबे आहेत. हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. कपाट आहे तसंच आहे.

आता माझ्याविषयी थोडं, नाहीतर कुणाला वाटेल की म्हातारी नव्या वस्तूंवर डूख धरून बसली आहे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. बोर्डावर एक बारीकसा दिवा पेटायचा, त्याच्याखाली कॉर्ड खुपसायची आणि विचारायचं, कोण हवंय. बंगलेवाल्यांना मुंबई हवी असायची, भाताच्या व्यापाऱ्यांना पुणं हवं असायचं, आणि घाबऱ्या आवाजाच्या एखाद्या बाईला नुसता डॉक्टर हवा असायचा. तो बोर्ड गेला, नवी यंत्रं आली, मग संगणक आले. दर वेळी शेजारच्या खुर्च्यांवरचे पुरुष महिनाभर कुरकुरत बसले आणि मी शिकून घेतलं. मला यंत्राची भीती कधी वाटली नाही. यंत्राच्या आडून बोलणाऱ्या माणसांची मात्र मला चीड येते.

मुलगा पुण्यात असतो, हिंजवडीला, संगणकाच्या नोकरीत. वडील गेल्यावर त्याने घराची दुरुस्ती काढली आणि घरातले सगळे दिवे एका यंत्रणेवर घेतले. भिंतीवरची खटक्यांची बोर्डं गेली आणि काचेच्या गुळगुळीत पट्ट्या आल्या. बोट लावलं की दिवा लागतो, बोट दाबून ठेवलं की हळूहळू मंद होतो. जिन्याखाली एक मोठा डबा बसला, त्यात दिवे मंद करणारा प्रत्येक लाइनीचा डिमर, आणि या सगळ्याचा ताबा फोनवर. माझ्याही फोनवर आणि त्याच्याही. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी हॉलचे दिवे मंद करून रेडिओ ऐकत बसायला मला फार बरं वाटायचं. वायरमनने कपाटातला बल्ब जवळ पडतो म्हणून पॅसेजच्या दिव्यांच्याच लाइनीवर घेतला होता. त्यामुळे पावसाळा लागला की मी पॅसेजची लाइन अर्ध्यावर आणून तशीच सोडून द्यायची. कपाटात ऊब राहायची आणि रात्री उठले तर पायाखाली उजेड असायचा.

तेव्हा एकच भांडण झालं. मुलाने यंत्रणेत सूर्यास्ताची वेळ भरून ठेवली होती, म्हणजे दिवे आपोआप लागावेत. आमच्यात दिवेलागणीला दिवा लावला की हात जोडतात. विजेचा असला तरी जोडतात. आपोआप लागलेल्या दिव्याला मी कुठल्या तोंडाने हात जोडू? शिवाय इथे ढग उतरले की दुपारी चारलाच तिन्हीसांज होते. पुण्याच्या पंचांगातला सूर्य मावळेपर्यंत मी काय अंधारात चाचपडत बसायचं? ते कलम मी काढायला लावलं. काढताना तो हसला, म्हणाला, आई, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुझा. मी म्हटलं, सुंभ अजून जळलेला नाही.

मग तारेचे बल्ब उडायला लागले. एक बदलावा तर दुसरा उडायचा. लोणावळ्याच्या बाजारात तीन दुकानं हिंडले, तिघांनीही सांगितलं की काकू, आता हे येत नाहीत, एलईडी घ्या. मुलगा म्हणाला की कुठलाही एलईडी चालणार नाही, साधा एलईडी मंद होत नाही, मंद होणारा वेगळा असतो. त्याने बरंच वाचून, शोधून ते मागवले. मृगाच्या आधीच्या एका रविवारी तो खोकी घेऊन आला, आणि यंत्रणेचं काम बघणारा, जवळच्या कान्हे गावचा एक माणूस आला, अर्धे केस पिकलेला, तोंडाने एकसारखा फोनवर बोलणारा. मी आत पोहे करत होते. पोहे होईपर्यंत त्या दोघांनी घरातला एकूण एक बल्ब बदलला.

कपाटातलासुद्धा. मला कुणी विचारलं नाही. आणि मी सांगितलंही नाही, कारण कपाटातल्या बल्बाला कुणी दिवा समजेल हे माझ्या मनातच आलं नाही. आमच्याकडच्या कुठल्याही बाईच्या मनात आलं नसतं. तो दिवा नाहीच, तो पावसाळ्यातला शेक आहे. पण मुलाच्या हिशेबी घरात होल्डर आहे म्हणजे तिथे दिवा आहे, आणि दिवा आहे म्हणजे तो बदलायचा. जुने बल्ब त्याने एका खोक्यात भरले आणि म्हणाला, टाकून देऊ. मी म्हटलं, मी बघते. मी बघते म्हणजे मी टाकत नाही, हे त्याला अजून कळलेलं नाही. खोकं जिन्याखाली गेलं.

नवे दिवे पुरे लावले की छान होते. उजेड पिवळसर, डोळ्यांना बरा, आणि विजेचं मीटर रांगायला लागलं. पण मंद केले की थरथरायचे. हॉलमधले तर असे फडफडायचे की त्यांच्याखाली वर्तमानपत्र वाचताना मळमळायला लागावं. बंद केल्यावरही एखादा दिवा धुगधुगत राहायचा. घरकामाला येणारी बाई वरच्या वाडीवरची आहे, डोंगरातली, जिभेला हाड नसलेली. तिने एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या दिव्यास्नी हिवताप भरलाय. काढा पाजा." कान्ह्याच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला की काकू, फार मंद करू नका. मंद करायचे दिवे आणून ते मंद करू नका, हे बरं होतं.

मग पाऊस लागला आणि आठ-दहा दिवस थांबलाच नाही. मी नेहमीसारखी पॅसेजची लाइन अर्ध्यावर सोडली आणि निर्धास्त राहिले. एक दिवस पापड काढायला कपाट उघडलं आणि तो वास आला. ज्याने तो घेतलाय त्याला सांगायला नको. कोटाच्या कॉलरवर हिरवट साय, शालूच्या घडीवर पांढरे ठिपके, आणि गोधड्या हाताला अशा लागल्या की आत्ताच पिळून ठेवल्यात. मी वाकून पिंजऱ्यात बोट घातलं. बल्ब लागलेला होता, थरथरत होता, आणि गार होता.

मला रडू आलं नाही, मला राग आला. सासूबाईंनी ज्या गोधड्या चार महिने चुलीच्या धुरात सांभाळल्या त्या माझ्या हातून, विजेच्या घरात, कुजायला निघाल्या होत्या. जिन्याखालचं खोकं ओढलं, हलवून बघून एक धड बल्ब निवडला, लाइन बंद केली आणि गार बल्ब काढून जुना बसवला. मग कामाच्या बाईने आणि मी सगळं कपाट उपसलं, पुसलं, गोधड्यांवर इस्त्री फिरवली, कोट झटकला. शालूवरचे डाग मात्र मी तसेच ठेवले. कुणाला तरी दाखवायचे होते.

दोन-चार दिवसांत कपाट पुन्हा खडखडीत झालं. आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नाही. पॅसेजमधले नवे दिवे थरथरायचे थांबले. दमले असतील, असं म्हणून मी सोडून दिलं.

लक्ष द्यायला वेळही नव्हता, कारण पुण्याहून लढाई सुरू झाली होती. मुलाच्या फोनवर कुठली लाइन चालू आहे ते दिसतं. कपाट दिसत नाही, कपाटाला लाइनीत नाव नाही. त्याला दिसायचं एवढंच की पॅसेज चालू, सकाळी चालू, दुपारी चालू, मध्यरात्री चालू. त्याने फोन केला, आई, तू पॅसेज बंद करायला विसरलीस. मी म्हटलं, विसरले नाही, कपाटासाठी ठेवलाय. तो म्हणाला, कपाटात आता एलईडी आहे, त्याला कशाला चालू ठेवतेस. मी सांगायला लागले तर त्याची मीटिंग सुरू झाली. मीटिंगमधूनच त्याने पॅसेज बंद केला. मी लावला. रात्री त्याने बंद केला, पहाटे मी लावला. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं, आणि इकडे शेळी काही हलत नव्हती.

मुलगा आवाज चढवून बोलतो तेव्हा मला काळजी नसते, ती आमच्या घरची रीतच आहे. पण तो हळू बोलायला लागला. आज काय जेवलीस, औषध घेतलंस का, आज वार कोणता गं, असं सहज विचारल्यासारखं विचारायला लागला. सूनबाईने एकदा विचारलं की आई, गॅस बंद केल्याचं लक्षात राहतं ना? मी म्हटलं, राहतं, आणि तुमच्या लग्नात कोण कोण रुसलं होतं तेही राहतं. ती हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता. मग मला कळलं. त्या दोघांनी दिव्यावरून ठरवून टाकलं होतं की मी विसरायला लागले आहे.

पुढच्या फोनमध्ये तो म्हणाला, "आई, या पावसात तू इकडेच ये. दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर बघू म्हणजे काय हे वलवणमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मागच्या गल्लीतल्या एक आजी अशाच दिवाळीपर्यंत म्हणून मुंबईला लेकीकडे गेल्या. त्यांच्या अंगणातली जास्वंद काढून तिथे पोहायचा हौद खणला, आणि आता शनिवार-रविवारी तिथे पाहुणे उतरतात आणि घराच्या भिंती हादरेपर्यंत गाणी लावतात. आजी परत आल्या नाहीत. त्यांच्या खोलीला आता काहीतरी इंग्रजी नाव आहे. मी मुलाला स्पष्ट सांगितलं की मी येणार नाही. तो भांडला नाही. म्हणाला, रविवारी घ्यायला येतो, बॅग भरून ठेव.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी, मी गोधड्या वरखाली करायला घेतल्या. वरच्या खणातल्या खाली, खालच्या वर, म्हणजे सगळ्यांना सारखी ऊब लागते. वरच्या खणासाठी स्टुलावर चढावं लागतं. ढग खिडकीला टेकलेले होते आणि पॅसेजमध्ये होता तो फक्त दिव्यांचा उजेड. मी दोन्ही हातांत गोधड्यांचा गठ्ठा घेतला, वळले, आणि सगळं काळं झालं.

वीज गेली नव्हती. स्वयंपाकघरात फ्रीज चालू असल्याचं मला ऐकू येत होतं. फक्त माझ्या डोक्यावरचा दिवा गेला होता. एक पाय स्टुलाच्या कडेवर आला आणि स्टूल डुगडुगलं. मी गोधड्या सोडल्या आणि खणाची फळी पकडली. हाक मारली की नाही ते आठवत नाही, पण मागच्या दारी भांडी घासत असलेली बाई धावत आली. "मावशी, जागच्या हलू नगा," म्हणाली आणि राखेच्या हातांनी माझी कंबर धरून तिने मला खाली घेतलं. मी त्याच गोधड्यांवर बसले. आधी मला भीती वाटली. पडले असते तर खुबा मोडला असता, आणि मग पुण्याला यायचं की नाही हे मला कुणी विचारलंही नसतं. सगळे म्हणाले असते, बघा, एकटी राहत होती.

भीती गेली तेव्हा तिच्या जागी जे आलं ते मी रविवारपर्यंत सांभाळून ठेवलं. फोन केला नाही. असलं बोलणं तोंडासमोर करायचं असतं.

रविवारी मुलगा आला, आणि थरथरणाऱ्या दिव्यांची तक्रार होती म्हणून कान्ह्याच्या माणसालाही त्याने बोलावलं होतं. चहा झाला. मुलाने इकडे तिकडे बघत विचारलं की बॅग कुठे आहे. मी म्हटलं, आधी काम, मग बॅग. त्याला हाताला धरून कपाटापाशी नेलं, दार उघडलं आणि म्हटलं, आत हात घाल. त्याने घातला. मग मी शालू काढून त्याच्या हातात दिला आणि डाग दाखवले. हे तुझ्या एलईडीचे, म्हटलं, आणि ही कोरडी गोधडी माझ्या जुन्या बल्बाची. तू ज्याला विसरणं म्हणतोस ते हे.

तो बराच वेळ शालू उलटासुलटा करत राहिला. मग म्हणाला, मला सांगायचंस ना. मी म्हटलं, सांगत होते, तुझी मीटिंग लागली.

एव्हाना कान्ह्याचा माणूस मान वर करून पॅसेजमध्ये उभा होता. त्याने विचारलं, काकू, हॉलमधले दिवे थरथरतात आणि इथले कसे नाही थरथरत? त्याने पॅसेज आणखी मंद केला. नाही थरथरले. मग कपाटातला बल्ब दिसला तसा त्याने तो फडक्याने धरून काढला, आणि वरचे दिवे लगेच फडफडायला लागले. परत बसवला, शांत. मुलगा शालू विसरून त्याच्या शेजारी उकिडवा बसला. दोघांनी चार वेळा बल्ब काढला, चार वेळा लावला. मग मला समजावून सांगायला लागले. डिमर जुना, तो जुन्या बल्बांच्या हिशेबाने केलेला. नवे दिवे वीज इतकी थोडी घेतात की डिमरला कुणी घेतंय की नाही हेच नीट कळत नाही, म्हणून तो चाचपडतो आणि दिवे फडफडतात. लाइनीवर एक जुना बल्ब असला की डिमरला पुरेसं काम मिळतं. खरा उपाय म्हणजे सगळे डिमर बदलायचे. नाहीतर प्रत्येक लाइनीवर एक जुना बल्ब.

मी म्हटलं, हॉलच्या दाराशी छत्र्या-चपलांचं कपाट आहे, तिथे लावा एक. चपलांची दाढी तरी जाईल. खोक्यातून बल्ब काढून दिला. दुसरा पिंजरा नव्हता, तर मी जुना झारा दिला आणि मुलानेच तो वाकवून बसवला. हॉलचे दिवे हवे तितके मंद झाले आणि एकही हलला नाही. आज माझ्या घरात सगळीकडे नवे दिवे आहेत आणि मला त्यांचं कौतुकच आहे. खोलीतले आणि स्वयंपाकघरातले मी मंद करतच नाही; बाकीच्यांना धरून ठेवायला दोन जुने बल्ब कपाटांत बसलेत, इतकंच.

मला वाटलं, मिटलं. पण मुलगा हात पुसून समोर बसला आणि पुन्हा हळू आवाजात म्हणाला, "बल्बाचं माझं चुकलं, आई. पण तू इथे एकटी. काही झालं तर मला कळणार कसं?"

मी जिन्याखालून स्टूल आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"गुरुवारी दुपारी पॅसेज तू बंद केलास?"

तो आठवायला लागला. "केला असेन. सकाळपासून चालू दिसत होता."

"तेव्हा मी यावर उभी होते. दोन्ही हातांत गोधड्या होत्या."

स्वयंपाकघराच्या दारातून बाई म्हणाली, "म्या व्हते म्हनून. न्हाईतर ल्येकाला कळाया लय येळ लागला असता." तिला गप्प बस म्हणावं असं मला वाटलं नाही.

माझा आवाजही तेव्हा चढला नाही, याचं मलाच नवल वाटतं. मी म्हटलं, "आयुष्यभर मी दिवे बघून नोकरी केली. दिवा पेटला की एवढंच कळायचं की पलीकडे कुणीतरी आहे. त्याला काय हवंय ते विचारावं लागायचं. तू नुसता दिवा बघितलास आणि कॉर्ड उपटलीस."

त्याचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण माझं काम अजून बाकी होतं. मी कान्ह्याच्या माणसाला सांगितलं की या घराचे दिवे याच्या फोनवरून काढून टाका. तो अडचणीत पडला. यंत्रणा साहेबांच्या नावावर आहे, म्हणाला आणि मुलाच्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हटलं, घर माझ्या नावावर आहे, माझ्याकडे बघा. माणूस बिचारा दोघांच्या मध्ये नसलेली वायर शोधत उभा राहिला.

शेवटी मुलानेच खिशातून फोन काढला. "आणि मग मला कळणार कसं?" पुन्हा तेच विचारलं, पण या वेळी त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"फोन लाव," मी म्हटलं. "विचार. मी उचलेन."

त्याने स्वतःच्या बोटाने एकेक लाइन पुसली. हॉल, खोली, स्वयंपाकघर. पॅसेजवर जरा थांबला, मग तीही पुसली. ताबा आता फक्त माझ्या फोनवर राहिला. मी सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि पिठलं वाढलं. बॅगेचा विषय त्याने काढला नाही. जाताना मात्र शालू गाडीत ठेवला, पुण्यात कुणीतरी डाग काढून देतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ढग उतरले. मी हॉलचा दिवा लावला, हात जोडले, आणि फोन वाजला.

"दिवे लावलेस, आई?"

"आत्ताच लावले."

"पॅसेजचा?"

"तो चालूच आहे. चालूच राहणार."

पलीकडे तो गप्प झाला. माणूस लाइनीवर असून बोलत नसला तर कॉर्ड काढायची नाही, थांबायचं, असं आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी थांबले.

"ते स्टूल कुठे आहे?" त्याने विचारलं.

"जिन्याखाली."

"त्यावर चढू नकोस ना आता."

"चढणार," मी म्हटलं. "गोधड्या वरखाली कोण करणार? आता दिवा मध्येच जात नाही."